पेटीबाहेर

"काचपट्ट्यांची अदलाबदल केलीत तुम्ही," सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता सर म्हणाले. "पेटीबाहेरच्या उंदरींची पिलंसुद्धा खराब कशी निघतील?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत एकेक काचपट्टी तिने स्वतः तयार केली होती.

प्रयोग साधा होता. काही गाभण उंदरी रोज सौम्य मायक्रोवेव्ह लहरींच्या पेटीत ठेवायच्या, काही बाहेर. पुढे त्यांची नर पिलं वाढली की वृषण तपासायचे. पेटीतल्या उंदरींच्या पिलांत शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. ते अपेक्षितच होतं. बाहेरच्यांची पिलं मात्र ठणठणीत निघायला हवी होती. पेटी जुनाट, हट्टी. गुडघ्याने रेटल्याशिवाय तिचं दार लागत नसे, आणि रेटायचं काम हिच्याकडेच.

"या दिवसांत होतं असं," सर हसून म्हणाले. "सगळं लक्ष बाळाकडे. काय हवंय, मुलगा ना?"

"मुलगाच," ती फणकाऱ्याने म्हणाली. सासूबाईंना नात हवी होती. त्यावरून घरात रोज लुटुपुटूची भांडणं व्हायची. पण ती अडून बसली होती. मुलाचं नावसुद्धा ठरवून मोकळी झाली होती.

तिने आणखी एक काचपट्टी सरांपुढे सरकवली. "ही वरच्या मजल्यावरच्या उंदरीच्या पिलाची. ती आई या खोलीत कधी आलीच नव्हती. बघा."

सरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या पिलात सगळं जिथल्या तिथे होतं.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "पेटी चालू असताना बाहेरच्या उंदरींचे पिंजरे कुठे असायचे?"

"माझ्या खुर्चीपाशी. डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं, म्हणून तुम्हीच म्हणालात ना, पिंजरे खालीच राहू द्या."

सरांनी पेटीच्या दाराकडे पाहिलं. मग दोन हातांवरच्या तिच्या खुर्चीकडे. मग तिच्या पोटाकडे, आणि चटकन नजर वळवली.

आत बाळाने जोरात लाथ मारली. तिने दोन्ही हातांनी पोट कवटाळलं.

"मुलगी असू दे," ती पुटपुटली. "देवा, मुलगीच असू दे."