तीन हजार चारशे मीटरवरचं वरण

हार्लेमहून पेरूतल्या कुस्कोला आल्यापासून प्रतापच्या पोटात काही ठरत नव्हतं. उंची बाधली होती. आज जेवण गेलं नाही तर उद्या खाली लिमाला उतरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच्या बायकोने, शैलाने, अजून कुस्कोचा जुना चौकसुद्धा पाहिला नव्हता.

"वरणभात जाईल," प्रताप म्हणाला.

दीड तास पातेल्यात उकळूनही तूरडाळ कच्चीच राहिली.

"या उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशी डिग्रीलाच उकळतं," पलंगावरून प्रतापमधला इंजिनिअर बोलला. "डाळ शिजणारच नाही."

"म्हणून तर कुकर आणलाय, राजा." शैलाने बॅग उपसली. मग दुसरी उपसली.

"तो... मी काढला. घरी जिन्याखाली ठेवलाय. म्हटलं, लोक हसतील."

"मग आता लोकांकडेच वरण माग," असं म्हणून शैला तडक घरमालकीणबाईंकडे गेली. लेक ईशानी मागे धावली, पण तिच्या शाळेतल्या स्पॅनिशमध्ये कुकर नव्हता. शेवटी शैलानेच ओठांचा चंबू केला आणि

फिस्स्स्स!

फिस्स्स्स!

         फिस्स्स्स!

मालकीणबाई पोट धरून हसल्या. ओट्याखालून त्यांनी आपला दणकट कुकर काढून दिला.

प्रतापने दोनदा वरण मागून घेतलं. लिमा रद्द! शैला चौकात जायला बुटांच्या नाड्या बांधत होती, तेवढ्यात मालकीणबाई प्रतापकडे रोखून बघत काहीतरी म्हणाल्या. ईशानीला हसू आवरेना.

"बाबा, त्या विचारतायत, कुकर न घेता लोक डोंगरावर येतात तरी कसे?"