टपालसाहेबांची व्यवस्था

“तुमी हपिसात नेमकं करता काय?”

मला पाहायला आलेल्या टपालखात्यातल्या मुलाला हे विचारून दाखव, अशी माझी मैत्रीण कुंदानं पैज लावली होती. मी विचारलं! बाबांच्या हातातला अडकित्ता जागीच थांबला.

अकोल्याकडचे टपालसाहेब मात्र खुलले. “खिडकीमागची सगळी व्यवस्था मी लावली. नत्थुजी शिक्के मारतो, दुसरा गावोगावची पत्रं खणांत टाकतो, तिसरा अकोटची थैली बांधून लाख लावतो. मला बोलावंसुद्धा लागत नाही. खुर्चीत बसून नुसता खाकरलो, की सगळे कामाला लागतात.”

“अन् तुमी सोता?”

“अहो, व्यवस्था माझी आहे ना!”

एवढं बोलून त्यांचा घसा सुकला. पाण्यानं भरलेला तांब्या त्यांच्या गुडघ्याला टेकला होता. साहेब खाकरले. त्यांची आई आत माझ्या आईशी बोलत होती. ती अर्ध्या वाक्यावरून उठली, धावत बाहेर आली, त्याच तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून तिनं मुलाच्या हातात दिलं आणि पदर सावरत परत गेली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पाहुणे गेल्यावर आई हरखून म्हणाली, “त्यांचा होकार आहे वो! दिवाळीनंतरचा मुहूर्त पाहा म्हणून राहिले.”

“माझा नाही,” मी म्हटलं. “बाबा, मी मॅट्रिक होऊन टपालखात्याचीच परीक्षा देते. खुर्चीत बसून खाकरणं मलेबी जमते.”