पळसाचे द्रोण

हंबीररावांनी उसाच्या रसाचा गलास ओठांशी नेला आणि न पिताच खाली ठेवला.

"आकाराम, मघाशी त्या मोळीवालीला कशातनं रस दिलास?"

आकारामनं चरक फिरवायचा थांबवला. "गलासातनं."

"ह्याच?"

"धुतलाय की. राख लावून चांगला घासलाय."

"राखंनं जात धुऊन निघती व्हय रं?" हंबीरराव हसले, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "तिला वंजळीत वतायचं, वरनं. सगळा बाजार तसंच करतोय. तुला जमत न्हाई तर गाडा हितनं हलीव."

सांगलीच्या पेठेत हंबीररावांची हळदीची अडत होती. तिथं माल घेऊन येणारे शेतकरीच आकारामच्या गाड्यावर रस पीत. हंबीररावांनी पाठ फिरवली असती, तर गाडा आठवडाभरही चालला नसता.

आकाराम पलटणीतून सुटून इकडं आला होता. मूळचा जतकडचा. दुष्काळात घरातली सगळी माणसं गेली, मागं कुणी उरलं नाही, असं तो सांगे. त्याची बायको चंद्राबाई तरुणपणीच विधवा झालेली. माणूस कष्टाळू दिसला, तेव्हा तिच्या भावानं फारशी चौकशी न करता पाट लावून दिला. दोघांनी मिळून हा गाडा उभा केला होता.

मोळीवाली म्हणजे दगडाबाई. कुठूनशी येऊन गावाबाहेर महारवाड्यात एकटीच राहायची. बाजाराच्या दिवशी जळणाची मोळी विकली की भर उन्हात गाड्याच्या मागच्या बाजूला येऊन उभी राही. आकाराम तिला काठोकाठ गलास भरून देई. ती सावकाश पिई आणि निघून जाई. दोघांत फारसं बोलणंही होत नसे.

घरी आल्यावर त्यानं चंद्राबाईला सगळं सांगितलं.

"मग वता की वंजळीत," ती म्हणाली.

"मला न्हाई जमायचं."

"का?"

"म्हातारी हाय. हात कापत्यात तिचं. निम्मा रस भुईवर जाईल."

चंद्राबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "तर मग समद्यांचंच गलास बंद करा. प्यायचं आन् टाकायचं, असं कायतरी बघा. कुनाचं उष्टं कुनाला न्हाई."

आकारामला ते पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं कोंडीबा कुंभाराकडून मातीची बोळकी आणली. बोळकं दिसायला देखणं, पण कोरं. रस ओतला की आधी तेच आपली तहान भागवून घेई, आणि उरलेल्याला मातीची चव येई. शिवाय पिऊन फेकलं की खापऱ्या होणार. बाजारात निम्मी माणसं अनवाणी.

"पाय कापून घ्यायला येत्यात व्हय लोकं?" चंद्राबाईनं बोळकी बाजूला सारली.

मग पत्रावळ्या लावणाऱ्या रंगुबाईकडचे पळसाचे द्रोण आले. पहिले गळके निघाले. रस बोटांवरून कोपरापर्यंत ओघळला. रंगुबाईनं दुहेरी पानाचे, खोल द्रोण टाचून दिले. चंद्राबाईनं एक भरला आणि हातात धरून बसली. थेंब पडला नाही.

"ह्योच घ्या," ती म्हणाली. "टाकलं तर शेळ्या खात्यात."

बाजाराच्या दिवशी गाड्यावर एकही गलास नव्हता. हंबीररावांनी द्रोण उलटसुलट करून पाहिला, रस प्यायले आणि आकारामच्या पाठीवर थाप मारली. "आता कसं! डोकं लढवलंस गड्या."

भर उन्हात दगडाबाई आली. आकारामनं द्रोण भरून तिच्या हातात दिला. तिनं रिकाम्या फळीकडं पाहिलं.

"गलास कुटं गेलं, मालक?"

"फुटलं."

"समदंच?"

"व्हय."

पलीकडं अडतीच्या ओट्यावर हंबीरराव बसले होते. दगडाबाईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग द्रोणाकडं. रस संपवला. "ब्येस केलंसा, मालक," ती म्हणाली. फेकलेल्या द्रोणांचा ढीग पायाशीच होता. पण तिनं आपला द्रोण त्यात टाकला नाही. चार पावलं लांब जाऊन, वेगळा, गटारीच्या कडेला ठेवला.

त्यात टाक, सगळ्यांच्यात टाक, असं म्हणायला आकारामचं तोंड उघडलं होतं. पण त्यानं पुढचा ऊस चरकात सारला.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डोक्यावर मोळी दिसली की आकारामचा हात चरकावर थबके. रस वाहून जाई, गिऱ्हाईक ओरडे. रात्री तो जेवता जेवता थांबून राही.

"बगून या की एकदा," चंद्राबाई म्हणाली.

"मी कशाला जाऊ?"

"न्हाई, एकटी हाय, म्हणून म्हनलं."

तो गेला नाही. थंडी सरली आणि उन्हं तापायला लागली, तेव्हा त्या वस्तीतली एक बाई गाड्यापासून लांब उभी राहून म्हणाली, "मालक, मोळीवाली दगडाबाई गेली. आज सकाळच्याला. तुमचा रस लय गोड असतोय, म्हनायची."

आकारामनं ऊस हातातच धरला. "कवा न्हेनार?"

"आत्ताच. मानसं जमत्यात. रगताचं कुनी न्हाई तिचं, वाट कुनाची बगायची?"

बाई गेली. हंबीरराव दोन पाहुण्यांना घेऊन गाड्यासमोर उभे होते. "तीन भर रं," ते म्हणाले. आकारामनं ऊस चरकात सारला आणि फिरवायला लागला. एक द्रोण भरला, दुसरा भरला. तिसऱ्याला रस द्रोणात पडेना, बाहेरच पडायला लागला.

गाड्यामागं ऊस सोलत बसलेली चंद्राबाई उठली. तिनं त्याच्या हातातून चरकाची मूठ काढून घेतली. हंबीरराव ऐकत होते, तरी तिनं आवाज खाली केला नाही.

"जावा तुमी. माझ्या सासूला माती तिच्या लेकानंच द्यायला पायजे."