दोन शाळांची सरासरी

सुलक्षणाने दोन सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी तिसऱ्यांदा करूनही उत्तर तेच आलं. आश्रमशाळेतल्या मुलींना वर्षभर रोज नाचणीचा लाडू दिला होता. नदीपलीकडच्या शाळेत दिला नव्हता. तरी दोन्ही शाळांचं सरासरी हिमोग्लोबिन सारखंच वाढलं होतं. फरक म्हणावा असा काही नव्हताच.

"आजारी पडलेल्या मुलींचे आकडे गाळ. दिसेल फरक," तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले.

"नाही सर," सुलक्षणा म्हणाली. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आश्रमशाळेत गेली. जानकीमावशी स्वयंपाकघरात लाडू वळत होत्या. "थांबा आता, मावशी. तुमची सगळी मेहनत वाया गेली."

"वाया कशी जाईल?" मावशींनी हात पुसले. "पोरी अर्धाच लाडू खायच्या. अर्धा फडक्यात बांधून सकाळी नदीवर न्यायच्या. पलीकडच्या शाळेत कुणाची बहीण, कुणाची मैत्रीण. मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं."

सुलक्षणा पायरीवर बसली. एकमेकांशी संबंध नसलेले म्हणून निवडलेले दोन गट रोज एकाच लाडवातलं खात होते. अभ्यास बाद. पुन्हा नव्या शाळा शोधायच्या, पुन्हा इवल्या बोटांना सुया टोचायच्या, पुन्हा एक वर्ष.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते बंद केलं असतं."

सुलक्षणाला मावशींशी खोटं बोलवेना.

"हो," ती म्हणाली. "केलं असतं."