बिनठसक्याच्या मिरच्या

"अरे खाली बस ना घोड्या, हात पुरत नाही माझा," शशिकला म्हणाली, तसा सहा फूट सहा इंचांचा अनय स्वयंपाकघरात पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसला.

बॅगा गाडीत भरून झाल्या होत्या. कतारमधल्या या दुखान गावाहून दोह्याचा विमानतळ एरवी तासाभरावर, पण वर्ल्डकपच्या नावानं दोह्यात इतकं खणून ठेवलं होतं की काल गेलेला रस्ता आज सापडेल याची खात्री नाही. तिचा नवरा सुरेश सारखा घड्याळ बघत होता. पण दृष्ट काढल्याशिवाय शशिकला पोराला उंबरा ओलांडू देणार नव्हती.

तिचंही खोटं नव्हतं. आठवीत सहा फुटांवर गेला तेव्हापासून लोकांचे डोळे या पोरावरच. आधी शाळेच्या बास्केटबॉल संघात, मग कर्णधार, मग बारावीच्या वर्षी शिबिराला आलेल्या एका अमेरिकन कोचच्या नजरेत भरला. आता अमेरिकेतल्या एका छोट्या व्यावसायिक लीगनं त्याला करारावर बोलावलं होतं. पगार बेताचा, बसनं गावोगाव हिंडायचं. पण मोठ्या लीगची शिडी तिथूनच लागते. गणपतीत महाराष्ट्र मंडळानं शाल-नारळ दिला, तेव्हा मंडळातल्या रत्नप्रभाबाई मान वर करून म्हणाल्या होत्या, "बाई बाई, केवढा हा!" शशिकलाला ते तेव्हाच खटकलं होतं. त्यानंतर पोराचं जेवण कमी झालं, चेहरा उतरला, जिना चढून आला तरी दम लागायला लागला. आणखी काय पुरावा हवा?

सुरेश स्टुलावर चढून छतावरच्या धुराच्या गजराला प्लास्टिकची पिशवी बांधत होता. तेलक्षेत्रात तो सेफ्टी इंजिनीअर. कुणाच्या हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तरी झाप झाप झापायचा. घरात मात्र बायकोपुढे कुणाची सेफ्टी चालते!

शशिकलानं मीठ, मोहऱ्या आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन लेकावरून उतरवल्या. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, सगळ्यांची नावं पुटपुटली. मग तापलेल्या तव्यावर मूठ उघडली.

मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या काळ्या पडल्या, धूर उठला. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले होते. हळूहळू एकेकानं ते खाली घेतले.

कुणालाच ठसका लागला नाही.

"बघा!" शशिकलाचे डोळे भरून आले. "केवढी जड दृष्ट होती माझ्या लेकराला! ज्याला दृष्ट नसते त्याच्या मिरच्या खोकून खोकून जीव घेतात. आणि आत्ता वास तरी आला का कुणाला?"

"मिरच्या जुन्या असतील," सुरेश म्हणाला.

"काल याच मिरच्यांच्या फोडणीनं तुम्ही शिंकून शिंकून बेजार झाला होतात."

ते खरं होतं.

दाराशी उभी असलेली धाकटी नुपूर एकदम म्हणाली, "तो फेन्ट झाला, आई."

"काय?"

"दादा. परवा प्रॅक्टिसला. कोणी पुश पण नव्हतं केलं. धावत होता आणि जस्ट... खाली. त्यानं मला प्रॉमिस करायला लावलं होतं."

"नुपूर, खलास, बास!" अनय ओरडला. मग हसला. "हीट होती बाबा, बाकी काही नाही. मेडिकल मे महिन्यातच झालीय माझी. ऑल क्लिअर."

"एसी हॉल होता," नुपूर म्हणाली.

सुरेशनं शशिकलाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती. उलट ती उजळली होती.

"पडला ना? मग मी दुसरं काय सांगतेय?" तिनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "म्हणून तर मिरच्या गप्प राहिल्या! सगळं ओढून घेतलं त्यांनी. आता काही म्हणजे काही होत नाही तुला. बिनघोर जा."

अनय पाटावरून उठला. उठताना त्यानं फ्रिजची कड धरली, आणि उभा राहिल्यावरही हात लगेच सोडला नाही. त्याच्या ओठांचा रंग सुरेशला आवडला नाही.

जिभेच्या टोकाशी आलेला शब्द सुरेशनं गिळला. फील्डवर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोकून घ्यायला लावायचा. जमिनीतून येणाऱ्या विषारी गॅसला सडक्या अंड्यांचा वास असतो. वास येतोय तोवर घाबरायला वेळ आहे. वास अचानक बंद झाला तर गॅस गेला असं समजू नका. गॅस वाढलाय आणि तुमचं नाक मेलंय. तेव्हा थांबायचं नाही, विचारायचं नाही, पळायचं.

"बाबा," नुपूर हळूच म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्याला."

सगळे त्याच्याकडे बघत होते. शशिकलाच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी सुख दिसत होतं. अनयच्या डोळ्यांत अशी विनवणी होती, की लहानपणी सायकलसाठीसुद्धा त्यानं इतकी केली नव्हती. ऑफिसात केक कापून झाला होता. नाशिकला पेढे वाटून झाले होते. तिकीट बदलता आलं असतं, एक दिवस हॉस्पिटलात जाता आलं असतं. सुरेशनं एक शब्द बोलायचा होता, "थांब." घरात आज तेवढा एकच माणूस तो शब्द बोलू शकत होता, आणि त्याला ते पुरतं कळत होतं.

त्यानं गाडीची किल्ली उचलली. घसा खाकरला.

"पासपोर्ट घेतलास ना?" तो म्हणाला.