विजेचं वेळापत्रक

सोमवारी सकाळी सात वाजता राजुरीच्या हौशीरामांनी पुण्यातल्या लेकीला, संस्कृतीला, फोन लावला. दृष्टी गेल्यापासून शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक मोबाइलच त्यांना वाचून दाखवी, पण नुसते आकडे. कुठलं गाव, कुठला वार, ते दर सोमवारी संस्कृती फोनवर सांगायची. वीज कंपनीची वेबसाइट तिच्याच ऑफिसाकडे होती; मग तिनेच त्यावरचा तो तक्ता मोबाइलला नीट वाचता येईल असा सुधारला आणि सोमवारचा फोन बंद झाला. आजही मोबाइल स्वच्छ बोलला होता, "राजुरी, गुरुवार, रात्री दहा."

"पोरी, ह्यो परत नुसतं आकडंच बोलतोय बघ."

"अप्पा, मी मीटिंगला चाललेय. ऑफिसातून कुणीतरी फोन करील तुम्हाला."

दुपारी एका अनोळखी मुलाचा फोन आला. "काका, नेमकी अडचण काय आहे?"

"संस्कृतीची मीटिंग संपली का रं?" हौशीरामांनी विचारलं.