लवूच्या पिंपाला फेस

गॅसच्या दाबाचा काटा पुन्हा खाली आला. लवूने पिंपाला अशी शिवी हासडली, की कोणी सख्ख्या भावालाही देणार नाही.

तीस वर्षं बोटीच्या बारमध्ये गोऱ्यांना बिअर पाजलेला हा माणूस. वालावलच्या घरात आता तो, एक लाकडी पिंप आणि बंद पडलेल्या सोडा-कारखान्यातून आणलेलं गॅसचं सिलिंडर. बायको गेली, मुलगा मुंबईला गेला. दारूबंदी आली, ती मात्र राहिली. आवाज जाऊ नये म्हणून लवू दिवसातून दोनदा स्वतःशीच मोठ्याने बोलायचा.

त्याने साबण पाण्यात कालवून नळीच्या जोडांना फासला. पहिला जोड गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्यावर बुडबुडा फुगला. आतला चामड्याचा वायसर कुजला होता. जुन्या चपलेतून नवा कापून बसवला. काटा चढला, टिकला. तोटी सोडली तर नुसता फेसच फेस! पिंप उन्हाने तापलं होतं. ओलं गोणपाट गुंडाळलं, गॅस थोडा आवळला. फेस दोन बोटंच हवा. नाहीतर पाहुणे उभ्याउभ्या परत जातात, हे त्याला बारमध्येच कळलं होतं.

कुंपणाच्या दगडी गडग्यावरून शेजारीण सुभद्रा बघत होती.

"लवू, कोणासाठी रे ह्यो खटाटोप?"

"पावणे येतले."

"तुझ्याकडे? वर्षभरात तुझ्या खळ्यात कावळो पण उतरूक नाय!"

लवूने चार ग्लास पुसून ओळीने मांडले आणि तो वाटेकडे बघत बसला.

तीनच्या सुमाराला हवालदार मोहिते आले. मागे एक शिपाई, आणि पंच म्हणून वाटेत धरलेले दुकानदार नुरुद्दीन आणि गंगाराम.

"निनावी अर्ज आलाय," हवालदार म्हणाले. "अक्षर कोंबडीचं, पण तक्रार पक्की. उघडा ते पिंप."

"लवू मेलो गो बाये!" सुभद्राने कपाळ बडवलं.

लवूने ग्लास धरून तोटी सोडली. सोनेरी धार आली, वर दोन बोटं पांढरा फेस. हवालदारांनी वास घेतला, जीभ लावली, कपाळाला आठी घातली आणि अख्खा ग्लास रिकामा केला.

"अहो, हे तर आलं आणि गूळ!"

"मगे माका पण चलता," नुरुद्दीन म्हणाला. "ओत रे लवू!"

पंचनाम्यात 'पेय गोड' अशी नोंद झाली. परतीची होडी पाचला होती, म्हणून सगळे टेकले. एडनच्या उकाड्यात बिअरच्या फेसात बुडालेल्या कप्तानाला गळ टाकून कसा वर काढला, ते लवूने सांगितलं. शिपाई हसून हसून खोकला. सुभद्रासुद्धा स्वतःचा पेला घेऊन गडगा ओलांडून आली.

होडी गेली. हसणं खाडीपलीकडे विरलं. सुभद्रा चुलीकडे परतली.

लवूने ग्लास विसळले, पिंपाचा काटा बघितला. दाब अजून होता.

मग त्याने फडताळातून कागद-दौत काढली आणि मागच्यासारखंच डाव्या हाताने लिहायला घेतलं: "मेहेरबान फौजदारसाहेब, वालावलच्या लवूने आता काजूची दारूही सुरू केली आहे. या खेपेस पंच चार आणावेत."